कुळ्याच्या जीपा

दूधसागर धबधबा बघायला सगळे गोव्यातल्या कुळ्याला जातात, मी या वेळी जीपा बघायला गेलो. धबधबा मला नवा नाही, फोंड्यात वाढलेल्या माणसाला तो शाळेच्या सहलीपासून माहीत असतो, पण ज्या गाड्या सीझनभर रोज नदीत उतरतात आणि पलीकडे चढतात त्यांच्याकडे थांबून कोणी बघत नाही. माझ्याकडे महिंद्राची जुनी थार आहे, २०१० साली आली त्या पिढीतली, २.५ लिटर सीआरडीई डिझेल इंजिनवाली. आणि नाशिकचा मावसभाऊ आपली नवी थार घेऊन आला होता, त्याच्या म्हणण्याप्रमाणे गाडी माहेरच्या रस्त्यानेच निघाली होती कारण ती बनते नाशिकलाच. म्हटलं चल, तुला या दोन्ही गाड्यांची आजी दाखवतो.

फोंड्याहून सकाळी लवकर निघालो. उसगाव तिस्क, धारबांदोडा, मग मोलें. नोव्हेंबर होता, शेतं कापून झालेली, झाडांवरची धूळ पावसाने धुतलेली. हा सगळा खाणपट्टा. २०१२ साली खाणी बंद पडल्या त्याच्या आधी या रस्त्यावर ट्रकांची रांग संपायची नाही आणि त्या ट्रकांच्या मधून खाणीवरच्या जीपा पळायच्या, टायरपासून हूडपर्यंत लाल. माझे थोरले काका खाणीवर होते, त्यांना न्यायला पहाटे जीप यायची. त्या जीपचा आवाज मला अजून वेगळा काढता येतो, थंड डिझेल इंजिनचा तो खडखडाट आणि मग गियर टाकताना होणारा आवाज. जीपचं वेड मला तिथून लागलं, जाहिराती बघून नाही.

मोलेंवरून सरळ गेलं की अनमोडचा घाट, उजवीकडे वळलं की कुळे. आपली गाडी स्टँडपाशी लावावी लागते, पुढे अभयारण्य आहे, भगवान महावीर, आणि आत खाजगी गाड्या सोडत नाहीत. हे अगदी बरोबर आहे असं माझं मत आहे. भावाला जरा वाईट वाटलं कारण नवीन थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते हे त्याला पाठ आहे आणि ते करून बघायचं होतं, पण शनिवारी येणारी प्रत्येक फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद असलेली गाडी, त्या नदीत उतरायला लागली तर नदीचं काय होईल. काउंटरवर नाव नोंदवायचं, लाइफ जॅकेट घ्यायचं, सात जणांची एक जीप. आम्ही दोघं, एक सोलापूरचं कुटुंब आणि पुण्याची दोन मुलं असे भरलो.

जीपा मात्र बघण्यासारख्या. मार्शल, कमांडर, काही बोलेरो, आणि काही अशा की मूळ मॉडेल कोणतं ते मालकालाच विचारावं लागेल कारण पुढचा भाग एकीचा, बॉडी दुसरीची, सीटा सुताराने बनवलेल्या. आमच्या जीपचे ड्रायव्हर साठीच्या आसपासचे, सगळे त्यांना आबा म्हणत होते म्हणून आम्हीही आबाच म्हटलं. मी कोकणीतून विचारलं की इंजिन कुठलं, तर त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बॉनेट उघडून म्हणाले, पळय, आवाज आयक, म्हणजे बघ, आवाज ऐक. आणि पुढे सगळा वेळ मला पुढच्या सीटवर बसवलं.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय या गाड्या अशा का आहेत ते कळत नाही. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या लष्कराने १३५ कंपन्यांना कळवलं की हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. एवढ्या थोड्या वेळात जमेल म्हणणारी एकच निघाली, बॅन्टम नावाची पेन्सिल्व्हेनियातली छोटी, जवळपास बुडालेली कंपनी. त्यांनी कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनियरला बोलावलं, त्याने मोजक्या दिवसांत ड्रॉइंग काढलं आणि सप्टेंबरमध्ये गाडी लष्करासमोर उभी राहिली, वेळेत. पण लष्कराला वाटलं एवढ्या छोट्या कारखान्यातून हजारो गाड्या कशा निघणार, म्हणून बॅन्टमची ड्रॉइंगं विलीज आणि फोर्डलाही दाखवली. विलीजचं इंजिन दमदार होतं, ६० हॉर्सपॉवर, बॅन्टमचं ४५ च्या आसपास, त्यामुळे मुख्य ऑर्डर विलीजला गेली आणि फोर्डने त्याच नमुन्यावर गाड्या बनवल्या. पत्रा दाबून काढलेली, उभ्या फटींची जाळी ही फोर्डची, स्वस्त आणि हलकी पडते म्हणून. जगभर आज जो चेहरा जीपचा म्हणून ओळखतात तो असा खर्च वाचवताना तयार झालेला आहे. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर गाड्या बनवल्या. बॅन्टमच्या वाट्याला तीन हजारसुद्धा आल्या नाहीत. मला त्या बॅन्टमबद्दल नेहमी हळहळ वाटते, सगळ्यात अवघड काम त्यांनी केलं आणि नाव दुसऱ्याचं झालं.

आपल्याकडचा धागा २ ऑक्टोबर १९४५ ला सुरू होतो, महिंद्रा अँड मोहम्मद नावाने. के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ ला कंपनीचं नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झालं. चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जोडणी सुरू झाली. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे, पन्नाशीत तर नाकेबंदीच होती, त्यामुळे माझगाव इथून किती जवळ असलं तरी त्या जीपा आपल्याकडे मोकळेपणाने यायला १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागला.

कुळ्याच्या जीपांमध्ये अजून जो उंच बॉनेटचा जुना चेहरा दिसतो तो विलीजच्या सीजे-थ्री-बी या मॉडेलचा. १९५३ ला विलीजने नवीन इंजिन काढलं, हरिकेन, त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये होते म्हणून इंजिन उंच झालं आणि ते मावावं म्हणून बॉनेट वर गेलं. अमेरिकेत तो नमुना १९६८ ला बंद झाला, आपल्याकडे मात्र महिंद्राने तोच चेहरा किती तरी वर्षं चालू ठेवला आणि आत डिझेल घातलं. प्युजोचं २.१ लिटर इंजिन महिंद्राच्या एमएम ५४० जीपमध्ये आलं, पुढे २.५ लिटरचं डीआय इंजिन. अमेरिकेत या काळात जीप ब्रँड विलीजकडून १९५३ ला कायझरकडे, १९७० ला एएमसीकडे, १९८७ ला क्रायस्लरकडे गेला, आणि आता फिरत फिरत महाराष्ट्रातच आलाय, रांजणगावला कंपास बनते. एका घरातल्या दोन फांद्या, एक नाशिकला आणि एक रांजणगावला, आणि अमेरिकेत त्यांचं कोर्टापर्यंत गेलेलं भांडण, कारण महिंद्राची रॉक्सॉर तिथे जीपसारखी दिसते असं म्हणणं होतं. २०२० ला रॉक्सॉरचा चेहरा बदलावा लागला. मला विचाराल तर ज्यांनी तो चेहरा एवढी वर्षं खेड्यापाड्यात जिवंत ठेवला त्यांचाही त्याच्यावर हक्क आहे.

तर आबांची जीप. पहिली नदी आली तेव्हा त्यांनी वेग कमी केला, थांबले, दुसरी छोटी काठी ओढून लो टाकला, म्हणजे वेग कमी पण ओढ जास्त देणारा गियर, आणि पहिल्या गियरमध्ये एक्सलरेटर एकसारखा धरून गाडी पाण्यात घातली. मधे कुठेही क्लच नाही, गियर बदलणं नाही. पाणी दरवाजाच्या खालच्या कडेपर्यंत आलं, मागे मुलं ओरडत होती, सोलापूरच्या वहिनींनी डोळे मिटून घेतले होते, आणि मी आबांच्या पायाकडे बघत होतो, पाय जागचा हलला नाही. मी विचारलं क्लच दाबला तर काय होतं, तर म्हणाले गाडीचा जोर गेला की पाणी मागून सायलेन्सरला दाबतं आणि चाक गोट्यात बसतं, मग सगळ्यांनी उतरून ढकलायचं. पूर्वी पाणी जास्त असलं की ते पंख्याचा पट्टाच काढून ठेवायचे, म्हणजे पंखा पाणी इंजिनवर उडवत नाही. डिझेलला ठिणगी लागतच नाही, जुनं इंजिन एकदा सुरू झालं की डिझेल आणि हवा मिळाली की झालं, म्हणून पेट्रोल जीप ज्या पाण्यात खोकायला लागेल तिथून ही आरामात जाते. ही गोष्ट मी वाचलेली होती पण माणूस स्वतःच्या पोटापाण्याच्या गाडीने करून दाखवतो तेव्हा कळतं.

रस्ता म्हणजे रस्ता नाहीच, गोटे, मुळं आणि खड्डे. पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, कडक, प्रत्येक खड्डा कमरेला कळतो. पण आबा सांगत होते की पाटा तुटला तर जंगलात लाकूड बांधून कुळ्यापर्यंत आणता येतो, त्यांनी आणलाय. धबधबा तीनशे मीटरच्या वर उंच, पाणी अजून भरपूर होतं, वरून रेल्वे गेली तेव्हा सगळ्यांनी मोबाइल वर केले. छान होतं. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय म्हणून मी सोडतो.

येताना आबांनी धंद्याचं सांगितलं. सीझन ऑक्टोबर ते मे, पावसात बंद. त्या बंद महिन्यांत गाडी उघडायची, बेअरिंगं, बुश, ब्रेक, पत्र्याला खालून गंज लागलेला असतो तो कापून नवीन पत्रा जोडायचा, कारण रोज पाण्यात जाणारी गाडी खालून खात जाते. म्हणजे वर्षातले चार महिने गाडी माणसाला पोसत नाही, माणूस गाडीला पोसतो. त्यांच्या मुलाला नवीन गाडी घ्यावी असं वाटतं. आबांचं म्हणणं, नवीन घे पण मला या गाडीचा प्रत्येक बोल्ट माहीत आहे. मला हे वाक्य फार आवडलं, आणि जीपबद्दल माझंही हेच मत आहे की तिची ताकद हॉर्सपॉवरमध्ये नाही, ती कुठल्याही गावातल्या मेस्त्रीला उघडता येते यात आहे.

भावाचं मत वेगळं होतं आणि त्याचंही खोटं नाही. परत गाड्यांपाशी आल्यावर दोन्ही थार शेजारी लावून आमचा वाद रंगला. माझी पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या दांडीची स्प्रिंग, मागे पाटे, १०५ हॉर्सपॉवर, आत जागा बेताची. त्याची २०२० नंतरची, मागे कॉइल स्प्रिंग, १३० हॉर्सपॉवर डिझेल, एअरबॅगा, ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत चार स्टार. तो म्हणाला, दादा, मी नाशिकहून इथपर्यंत आलो आणि कंबर दुखत नाही, बायको मुलगी मागे झोपतात, हे तुझ्या गाडीत होईल का. नाही होणार. तो नवीन थार रोज ऑफिसला नेतो आणि शनिवार रविवार त्र्यंबककडे नाहीतर इगतपुरीकडे काढतो, आणि अशी माणसं आली म्हणूनच हा प्रकार टिकला, नाहीतर आबांच्या गाड्यांबरोबर संपला असता. पण एखादा सेन्सर गेला तर जंगलात लाकूड बांधून भागत नाही, हेही त्याने मान्य केलं.

तिथून तांबडी सुर्ल्याला गेलो, काळ्या दगडाचं कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ, आजूबाजूला फक्त जंगल आणि ओढा. रस्ता आता चांगला आहे, फोर बाय फोरची अजिबात गरज नाही. पुढे सत्तरीतून वाळपईकडे निघालो आणि वाटेत एका गॅरेजमध्ये थांबलो, कारण बाहेर एक एमएम ५४० उघडी पडलेली दिसली आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मेस्त्रींनी चहा दिला. ती एका काजूबागेच्या मालकाची, बागेतून पोती काढायला अजून वापरतात.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो, गोव्यात काळ्या पाटीची भाड्याची थार घेऊन किनाऱ्यावर वाळूत घालू नका. बंदी आहे, पोलिस केस होते, आणि मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. खाऱ्या पाण्याने गाडीही खालून संपते. ज्या गाडीचं काम जंगलात आणि बागेत माणसाच्या उपयोगी पडणं आहे तिला अशी वाळूत फिरवलेली बघून मला खरंच त्रास होतो.

आणि ज्यांना जुनी जीप घ्यायची आहे, मला बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी त्या मेस्त्रींनी सांगितलेलं जसंच्या तसं. रंग बघू नका, आधी खाली वाका. पुढच्या एक्सलला डिफरन्शियलचा गोळा आहे का बघा, नुसता पाइप असेल तर ती टू व्हील आहे, म्हणजे ताकद मागच्या दोनच चाकांना, कमांडर आणि मार्शल तशा खूप विकल्या गेल्या. चासीवर पाटे जिथे बसतात तिथे हातोडीने ठोकून बघा, आवाज बद्द आला तर गंज आहे. लो टाकून चढावर चालवा, काठी आपोआप बाहेर पडत असेल तर ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गियरपेटीचा, खर्च धरा. आणि पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं पासिंग झालंय का, इंजिन बदललेलं असेल तर ते आरसीवर चढवलंय का, हे पैसे द्यायच्या आधी आरटीओत जाऊन स्वतः बघा, कारण निम्म्या जीपांत मूळ इंजिन नसतं आणि कागदावर मात्र तेच असतं.