तळाशी कोरलेले वजन

बॉस्टनजवळच्या एका कार्यशाळेत मी जुन्या चांदीच्या वस्तूंच्या जतनाचे काम करतो. गेल्या हिवाळ्यात एका कुटुंबाने १८व्या शतकातील टँकार्ड, म्हणजे झाकण आणि मूठ असलेला बिअरचा मोठा पेला, तपासणीसाठी आणला. विक्रेत्याने तो मूळ स्थितीतला म्हणून विकला होता. मुठीवर तीन अक्षरे होती, वर आडनावाचे आणि खाली पती-पत्नीच्या नावांची, आणि कारागिराचा शिक्काही निःसंशय अस्सल होता.

त्या काळी बॉस्टनमध्ये लंडनसारखी चांदी पारखून छाप मारणारी संस्था नव्हती, कारागिराचा शिक्का हीच काय ती हमी. चांदी बहुधा स्पॅनिश नाणी किंवा मोडीत काढलेली भांडी वितळवून मिळे. त्या काळचा बॉस्टनचा नामवंत चांदीकारागीर पॉल रिव्हियर याच्या हिशेबवह्यांतही चांदीची किंमत आणि घडणावळ वेगळी मांडलेली दिसते. वजनाला असे महत्त्व असल्याने अनेक भांड्यांच्या तळाशी ते ओरखडून ठेवलेले सापडते. या पेल्यावर चांदी तोलण्याच्या जुन्या ट्रॉय मापांत २७ औंस ५ पेनीवेट, म्हणजे सुमारे ८४८ ग्रॅम, अशी नोंद होती, आणि माझ्या तराजूने ८६१ ग्रॅम दाखवले.

शतकानुशतके घासूनपुसून चांदी झिजते, वाढत नाही. मी मुठीच्या समोरच्या बाजूवर तोंडाची वाफ सोडली, आणि क्षणभर, वाफ विरेपर्यंत, झाळलेल्या सांध्याची उभट लंबगोल रेघ स्पष्ट उमटली. १९व्या शतकात मद्यपानविरोधी चळवळीच्या काळात असे कितीतरी पेले तोटी बसवून पाणी ओतण्याच्या भांड्यांत बदलले गेले. येथे ती तोटी नंतर कोणीतरी काढून भोक ठिगळाने बुजवले होते. क्ष-किरणांनी धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्राने उरलीसुरली शंका फेडली: पेल्याच्या चांदीत जुन्या चांदीत नेहमी आढळणारा सोन्याचा अंश होता, ठिगळात तो नव्हता, म्हणजे ते विद्युत पद्धतीने शुद्ध केलेल्या, बऱ्याच नंतरच्या चांदीचे होते.

ठिगळाचे काम अतिशय सफाईदार होते, आणि तेच मला अधिक खटकले, कारण इतके कसब केवळ तोटीचा इतिहास पुसण्यासाठी खर्ची पडले होते. कुटुंबाला मी वाफेची ती रेघ प्रत्यक्ष दाखवली. ठिगळ उचकटू नये असे सुचवले, आणि अहवालात शिक्का, अक्षरे, दोन्ही वजने आणि त्या लंबगोलाची मापे सविस्तर नोंदवली.