मनःस्थितीची नोंदवही : १६४ या आकड्याचा उलगडा

मागील नोंद ज्या कोड्यापाशी थांबली होती, ते अखेर सुटले आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून माझ्या सोप्या धावांना मिळणारे मनःस्थितीचे गुण (धावताना कसे वाटते, याला मी उणे ५ ते अधिक ५ यांत देतो ते) सातत्याने घसरत होते, टेम्पोच्या, म्हणजे दम लागेल अशा वेगवान धावेच्या, दिवशीचे गुण मात्र टिकून होते. श्वास फुलण्याच्या उंबरठ्याखाली धावताना बहुतेकांना बरे वाटते आणि तो उंबरठा ओलांडल्यावर बहुतेकांचा अनुभव उतरणीला लागतो, हे व्यायामाच्या मानसशास्त्राचे अभ्यासक एकेकाकिस यांचे प्रतिपादन आपल्या मंडळींना पाठ आहे. माझ्या उन्हाळ्यातील नोंदीही त्याच्याशी जुळत होत्या. मग आठवड्यातील सर्वांत हलक्या धावेतच मी एवढा चिडचिडा का होत होतो, हे समजत नव्हते.

पहिला संशय झोपेवर घेतला. झोपेचा रकाना आणि गुणांचा रकाना यांचा काही मेळ बसेना. नंतर रंकाळ्याकाठच्या चिखलावर आणि गर्दीवर घेतला, म्हणून विद्यापीठाच्या परिसरात धावू लागलो. तेथेही गुण घसरलेलेच राहिले. सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो दमटपणाने. हवेत बाष्प भरलेले असले की घाम वाळत नाही, शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे अधिक रक्त पाठवावे लागते आणि त्याच वेगाला ठोके वाढतात, हे खरेच आहे. घड्याळावर एरवीच्या १३० ऐवजी १६४ दिसत होते आणि हे कारण इतके सोयीचे होते, की मी त्याला चिकटून राहिलो. मात्र कोल्हापूरचा पाऊस कितीही धरला, तरी दमटपणामुळे वाढून वाढून काही ठोके वाढावेत. तीसहून अधिक ठोक्यांच्या या वाढीचा उलगडा त्याने होत नव्हता.

त्यात माझी पद्धत अशी, की सोप्या धावेत ठोके किती वर जाऊ द्यावेत हे सांगणाऱ्या १८० वजा वय या मॅफेटोन सूत्राप्रमाणे १३६ ची मर्यादा घड्याळात घातलेली. मनगटावर थरथर झाली की चालायचे, आकडा उतरला की पुन्हा धावायचे. लय लागण्यापूर्वीच ती मोडत असे, आणि याला मी सोपी धाव म्हणून नोंदवत होतो.

उलगड्याचे बीज या थांबण्यातच होते. चालू लागताच घड्याळावरील १६४ काही क्षणांत ११२ वर येत असे. धावणारे हृदय इतक्या झटक्याने खाली येत नाही, ते पायरी-पायरीने उतरते. मग एका संध्याकाळी हृदयगतीचा आलेख आणि केडन्सचा, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या पावलांचा, आलेख एकावर एक ठेवून पाहिले, तर दोन रेषा वेगळ्या ओळखू येईनात. माझी केडन्स १६४ आहे. घड्याळ माझे ठोके मोजतच नव्हते, ते माझी पावले मोजत होते.

ज्यांना केडन्स लॉक हा प्रकार केवळ ऐकून माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मनगटी संवेदक त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेसरशी परतणाऱ्या प्रकाशात होणारा बदल वाचतो. पावलांच्या हादऱ्यांनीही तसाच नियमित बदल होतो. तो वजा करण्याचे काम आतील आज्ञावलीचे असते आणि नाडीचा संकेत क्षीण झाला की ती चुकीच्या लयीला धरून बसते. पावसाने मनगट गार पडते, त्वचेतील रक्तप्रवाह घटतो, घड्याळाखाली पाणी शिरते आणि विंडचीटरची बाही पट्टा सैल करते. म्हणजे सगळी कारणे पावसाळ्यात एकत्र आली. टेम्पोचे गुण का टिकले, याचेही उत्तर यातच मिळाले. त्या धावेत माझे खरे ठोके केडन्सच्या जवळपासच असतात, त्यामुळे चूक दिसत नाही, आणि त्या दिवशी थरथरणारी मर्यादाही लावलेली नसते.

क्लबमधील एका मित्राचा जुना चेस्ट स्ट्रॅप, म्हणजे छातीवर बांधून ठोके मोजणारा पट्टा, मागून आणला. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, स्ट्रॅपवर १३१ ते १३४ आणि मनगटावर १६४! घड्याळाच्या कंपनीने माझ्या तक्रारीला ‘पट्टा घट्ट बांधावा’ एवढेच उत्तर दिले होते. तो मी बोटे बधिर होईपर्यंत आवळून पाहिला होता. माझे मत आता पक्के झाले आहे : पावसाळ्यात मनगटावर पैसे घालण्यापेक्षा साधा स्ट्रॅप घ्यावा, त्याचे इलेक्ट्रोड निघण्यापूर्वी ओले करावेत आणि परतल्यावर तो गोड्या पाण्याने धुवावा. ज्यांना छातीवर पट्टा खुपतो, त्यांनी दंडावरचा बँड पाहावा; संवेदक प्रकाशाचाच असला तरी दंड मनगटाइतका हिंदकळत नाही.

मर्यादेची थरथर बंद करून केलेल्या पहिल्याच धावेत मधला गुण, म्हणजे धावेच्या मध्यावर नोंदवलेला, अधिक ३ आला. सोबत्याशी तांबड्या रश्श्याच्या तिखटपणावरून अख्खा फेरा वाद घालता आला, याहून खात्रीची टॉक टेस्ट (धावताना सहज बोलता येते का, ही सोप्या वेगाची कसोटी) मला माहीत नाही.

मधल्या गुणाचा आग्रह मी का धरतो, हे या प्रकरणाने पुन्हा दाखवले. उणे ५ ते अधिक ५ ही मोजपट्टी केवळ धाव संपल्यावर भरली, तर सुटकेचा आनंदही तिच्यात मोजला जातो. माझ्या या खराब धावांचे शेवटचे गुण तितके वाईट नव्हतेच. पण उद्या पुन्हा बूट चढवायचे की नाही, हे बऱ्याच अंशी धावताना काय वाटले यावर ठरते. नेदरलँड्समध्ये नैराश्य किंवा चिंताविकार किंवा दोन्ही असलेल्या १४१ रुग्णांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ आठवड्यांनंतर औषधे घेणारा गट आणि धावणारा गट, दोन्हींत सुमारे ४४ टक्के रुग्ण लक्षणांतून बाहेर आले. परंतु ठरलेला कार्यक्रम पाळणारे औषधांच्या गटात ८२ टक्के, तर धावण्याच्या गटात ५२ टक्केच होते. (हे वाचून कोणी डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करू नये, बहुतेक रुग्णांनी आपला गट स्वतः निवडला होता, हेही लक्षात असावे.) धावणे उपयोगी आहे की नाही यापेक्षा ते टिकते कसे, या प्रश्नात मला अधिक रस आहे, आणि थरथरणारे मनगट टिकाव धरू देत नाही.

पुढील टप्प्यात झोन दोन आणि झोन तीन या हृदयगतीच्या दोन पातळ्यांची तुलना करायची ठरले होते. हे लिहिता लिहिता ती बाजूला ठेवावीशी वाटते. त्याऐवजी वेग आणि रस्ता तोच ठेवून, एका धावेत घड्याळाचा पडदा उघडा आणि दुसऱ्या धावेत चिकटपट्टीने झाकलेला, असे आलटून पालटून करणार आहे. ठोके दोन्ही वेळा स्ट्रॅपच नोंदवील. केवळ आकडा दिसत राहिल्याने मधला गुण उतरतो का, हे त्यातून कळावे. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचे लक्ष्य-वेळेचे गणितही त्यामुळे सोडून देत आहे. यवतेश्वरचा चढ उंबरठ्यापलीकडचा नमुना म्हणून वापरीन, एक गुण चढाच्या मध्यावर आणि एक उतरताना घेईन.

दंडावरच्या बँडच्या भर पावसातील नोंदी कोणाकडे असतील, तर हृदयगती आणि केडन्स यांचे आलेख एकावर एक ठेवून पाठवावेत. स्ट्रॅप मित्राला परत करण्यापूर्वी बँड घ्यायचा की नवा स्ट्रॅप, हे मला ठरवायचे आहे.