तिथीची पाऊणपट

दादरच्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवते. प्रथम वर्षाच्या वर्गात शंभरेक मुलं, पण प्रश्न विचारला की हात वर होतात ते ठरलेल्या पाच-सहा जणांचेच. म्हणून मी चर्चा व्हिडिओवर घ्यायला लागले. मी प्रश्न टाकते, मुलं मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचं उत्तर रेकॉर्ड करतात आणि एकमेकांच्या मुद्द्यांवरही व्हिडिओतूनच बोलतात. आधी त्यासाठी फ्लिप हे व्हिडिओ-चर्चेचं अ‍ॅप वापरायचो. २०२४ मध्ये ते स्वतंत्र अ‍ॅप बंद झालं, तेव्हापासून मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये. चेहरा दाखवायची सक्ती मी ठेवलेली नाही. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलीने आपलं घर वर्गाला का दाखवावं?

त्या आठवड्याचा प्रश्न असा: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. मग उपनगरांतलं पाणी समुद्रात का उतरलं नाही?

बहुतेकांनी प्लास्टिक आणि तुंबलेली गटारं सांगितली. मग वरळी कोळीवाड्यातल्या मुलीचा व्हिडिओ आला. हजेरीपलीकडे तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता. कॅमेरा होड्यांवर, मागे इंजिनाची फटफट, आणि ती सांगत होती, “मॅडम, माझे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. २००५ ची गुरुपौर्णिमा २१ जुलैला होती. म्हणजे २६ ला वद्य पंचमी-षष्ठी. पावणेचार ते साडेचार, ऐन पावसात भरती!”

मी नोंदी काढल्या. भरती खरंच दुपारी चारच्या सुमाराला होती, जवळजवळ साडेचार मीटरची. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, तेही ओहोटी धरून. समुद्र चढला की त्यांची तोंडंच पाण्याखाली जातात. हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवत आले. पण गणित मांडून भरतीची वेळ सांगणारं वर्गात कुणी भेटलं नव्हतं.

रात्रीपर्यंत तिच्या व्हिडिओखाली उत्तरांची रांग लागली. कुर्ल्याच्या मुलाने तिला अडवलं, “अगं, मग रात्री दहाला पूर्ण ओहोटी असणार. आमच्याकडे दुसऱ्या दिवशीही पाणी का होतं?” तिने पुन्हा रेकॉर्ड केलं: पाऊस थांबला नव्हता, आणि भराव टाकून मिठी नदीचं पात्रच अरुंद केलेलं. त्यावर तो म्हणाला, भराव कुठे कुठे आहे ते मी शूट करून आणतो. पुढच्या तासाला आम्ही त्याचीच क्लिप लावून सुरुवात केली.