सगळ्यांची भूक सारखी नसते

बारीक माणसांचा तोंडावर ताबा असतो आणि जाड माणसांचा नसतो असं आपल्याकडे जवळपास सगळेच धरून चालतात, शिकलेसवरलेलेसुद्धा. मी स्वतः बारीक आहे, कॉलेजात शिवलेला ब्लाऊज अजून अंगात जातो इतकी, आणि मी शपथेवर सांगते की मी कसलाही ताबाबिबा ठेवत नाही. ठेवायची वेळच येत नाही. पोट भरलं की मला अन्न नको होतं, मग समोर बासुंदी का असेना. यात माझं कर्तृत्व काहीच नाही आणि तरीही आयुष्यभर सगळे माझं कौतुक करत आलेत, आणि माझ्या मोठ्या बहिणीला बोलत आलेत. म्हणून हे लिहितेय. ताईला विचारून लिहितेय, तिने वाचल्यावरच टाकतेय.

आम्ही दोघी एकाच घरात, एकाच आईच्या हातचं खाऊन वाढलो. तीच आमटी, तोच भात, शाळेच्या डब्यात तीच पोळीभाजी. ती लहानपणापासून अंगाने भरलेली आणि मी काडी. आणि आता दोघींची पोरंबाळं मोठी झाली तरी चित्र तेच आहे, म्हणजे "तुमच्या घरात खाण्याच्या सवयीच वाईट असतील" हा हिशोब आमच्या बाबतीत तरी बसत नाही.

मग फरक कुठे आहे? मी गेली काही वर्षं हे मुद्दाम लक्ष देऊन बघतेय, आणि ताईशी याबद्दल तासन्‌तास बोललेय. गणपतीत उकडीचे मोदक होतात तेव्हा पहिला मोदक फोडून वर तूप सोडलं की माझ्याही तोंडाला पाणी सुटतं, दुसराही मजेत जातो, पण तिसरा कोणी पानात टाकला तर मला तो तुपाचा वासच नको होतो, घास फिरायला लागतो. ताई म्हणते तिला पाचवा मोदकसुद्धा पहिल्याइतकाच चांगला लागतो, तो थांबण्याचा सिग्नल तिच्याकडे येतच नाही, आणि येतो तेव्हा पार पोट तटतटल्यावर येतो. दुसरी गोष्ट म्हणजे विसरणं. ऑफिसात काम अडकलं की मी जेवायचं विसरते, तीन वाजता डोकं दुखायला लागलं की आठवतं अरे डबा राहिला. हे ऐकून ताई खरंच चकित झाली होती, विसरतेस म्हणजे काय गं, जेवण कसं विसरता येतं? तिला सकाळी अकरालाच डबा दिसायला लागतो. फ्रीजमध्ये कालची खीर उरली असेल तर ती कुठल्या कप्प्यात, कुठल्या वाटीत आहे, वर झाकण कुठलं आहे हे तिच्या डोक्यात रात्री झोपेपर्यंत फिरत राहतं. ती खीर न खाता झोपायची तर तिला मनाशी भांडावं लागतं, रोज, आणि ते भांडण कुणाला दिसत नाही. माझं मात्र भांडणच नसतं, मला खीर उरलीय हेच माहीत नसतं.

आता बारीक लोक म्हणतात ना की मी तर केवढंही खाते पण अंगालाच लागत नाही, मीही म्हणायचे, तर ते नीट बघितलं तर तसं नसतं. लग्नात मी खरंच दाबून जेवते, मठ्ठा, जिलेबी, मसालेभात सगळं, आणि लोकांना तेच दिसतं. पण त्या रात्री मी ग्लासभर ताक पिऊन झोपते आणि दुसऱ्या दिवशीचा नाश्ताही नको वाटतो, हे कोणी बघत नाही, मीही मोजत नाही, ते आपोआप होतं. शेवटची अर्धी पोळी मी राहू देते. चहाबरोबर खारी असली तर एक घेते आणि गप्पांमध्ये तीही अर्धी बशीत राहते.

आणि उलट बाजूने, ताई चार माणसांत माझ्यापेक्षा कमी खाते. लोक तिच्या ताटात बघतात म्हणून. अगदी शब्दशः बघतात, दुसऱ्यांदा भात घेतला की मावशीची नजर वळते. मग ती पंगतीत अर्धपोटी उठते आणि घरी आल्यावर ओट्यापाशी उभ्याने, एकटीने, भरभर खाते, आणि ते जास्त होतं. ही सवय तिला लोकांनी लावलीय असं माझं स्पष्ट मत आहे.

बरं जास्त म्हणजे किती? वर्षानुवर्षांचं वजन काही रोज चार माणसांचं जेवण एकटीने जेवून वाढत नाही. एक मध्यम पोळी साधारण शंभर कॅलरीची धरा. गरजेपेक्षा रोज एखादी पोळी जास्त जात राहिली तरी काही वर्षांत अंगावर दिसते. आणि इतका बारीक फरक डोक्याने हिशोब करून सांभाळणारी माणसं फारच थोडी, बाकीच्यांचं शरीरच तो सांभाळतं, कुणाचं नेमकेपणाने, कुणाचं नाही.

याच्यावर शास्त्रज्ञांनी बरंच काम केलंय आणि ते वाचल्यावर माझा आणि ताईचा दोघींचा जीव थोडा हलका झाला. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० लोकांचा अभ्यास १९८६ साली छापून आला, अल्बर्ट स्टंकार्ड नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला. त्यात मोठेपणी वजन कुणासारखं निघालं, तर जन्म देणाऱ्या आईबापांसारखं, ज्यांच्या घरात वाढले, ज्यांच्या ताटातलं खाल्लं त्यांच्यासारखं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ साली जन्मलेल्या जुळ्यांवर लंडनच्या संशोधकांनी अभ्यास केला, तर नुसतं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांमध्येसुद्धा भुकेचा फरक होता, एकाच घरातल्या जुळ्यांपैकी जे बाळ जास्त भुकेलं तेच वजनाने भराभर वाढलं. तान्ह्या बाळाला कसली आलीय शिस्त आणि कसला आलाय आळस?

भूक नुसती पोटात नसते हे तर आता पक्कंच झालंय. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन सापडलं, चरबीच्या पेशींतून निघणारं हार्मोन, ते मेंदूला कळवतं की साठा आहे, आता पुरे. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना घ्रेलिन सापडलं, ते मुख्यतः पोटातून निघतं आणि भूक चेतवतं. आणि १९९७ सालची केंब्रिजची गोष्ट तर मी कधी विसरणार नाही. पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांतली दोन मुलं होती, आपसात नात्यातली, त्यातली मुलगी आठ वर्षांची आणि वजन ८६ किलो. तिची भूक भागायचीच नाही. तपासल्यावर कळलं की त्या मुलांच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नव्हतं, जनुकातच दोष. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर त्या मुलीचं खाणं आपोआप कमी झालं आणि वर्षभरात सोळा किलोच्या आसपास वजन उतरलं. मुलगी तीच, घर तेच, फक्त पोट भरल्याचा निरोप पोहोचायला लागला. असा दोष फार म्हणजे फारच दुर्मिळ असतो, ताईसारख्या लाखो लोकांच्या रक्तात लेप्टिन उलट भरपूर असतं पण मेंदू ते ऐकेनासा होतो, टाकी भरून वाहतेय आणि बॉलकॉक अडकलाय तसं काहीसं.

जास्तीचं खाल्लेलं सगळ्यांच्या अंगी सारखं लागतं असंही नाही. कॅनडात क्लोद बुशार यांनी १९९० मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या बारा जोड्यांना, तरुण मुलगे होते, १०० दिवसांतले ८४ दिवस रोज हजार कॅलरी जास्त खायला घातल्या. सगळ्यांना जास्तीचं सारखंच. तर कुणाचं वजन ४.३ किलोने वाढलं आणि कुणाचं १३.३ किलोने, आणि एका जोडीतल्या दोघांचं बरंचसं सारखं वाढलं. अमेरिकेत १९९९ मध्ये असाच प्रयोग झाला त्यात दिसलं की काहींचं शरीर जास्तीची कॅलरी नकळत हालचालीत घालवतं, चुळबुळ, उठबस, उभं राहणं, व्यायाम नव्हे. हे वाचून नवरा म्हणाला, हे तर तूच. मी फोनवर बोलताना घरभर फिरते, हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

म्हणजे मग काय खातो, कसं खातो याला अर्थच नाही का? आहे, खूप आहे. आमच्या आजीच्या पिढीत ताईसारख्या शरीराच्या बायका असणारच, त्या थोड्या गुटगुटीत असायच्या, एवढंच. जनुकं दोन पिढ्यांत बदलली नाहीत, बदललं आजूबाजूचं. कोपऱ्यावरच्या दुकानात दहा रुपयाला वेफर्स, घरात बिस्किटांचे डबे, रात्री साडेनऊला जेवण आणि फोनवर बटण दाबलं की दारात बिर्याणी. अमेरिकेत केविन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस लोकांना संशोधन संस्थेतच ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं घरच्यासारखं शिजवलेलं, दोन्ही वेळा हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. तयार अन्नावर असताना लोक रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होते आणि भरभरही खात होते. असं वातावरण माझ्यासारखीला फारसं काही करत नाही आणि ताईसारखीला दिवसभर हाका मारत राहतं.

आणि आपल्या घरातल्या रीतीही बघा ना. आग्रह हा आपला प्रेम दाखवायचा मार्ग, ठीक आहे, पण तो नाही म्हणू शकणाऱ्यालाच झेपतो. अन्न टाकू नये हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं, बरोबरच आहे ते, पण मग पातेल्यात उरलेली दोन डाव भाजी कुणी संपवायची, पोरांनी टाकलेली अर्धी पोळी कुणाच्या पोटात जायची, तर घरातल्या बाईच्या. ताई सगळ्यांना वाढून शेवटी जेवते आणि उरलेलं संपवते, स्वतःच्या भुकेसाठी नाही तर वाया जाऊ नये म्हणून. एकादशीचं तर बोलायलाच नको, साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, बटाट्याचा कीस, म्हणजे उपासाला नेहमीपेक्षा जास्तच जातं. ताईकडे आता उरलेलं लगेच डब्यात भरून फ्रीजमध्ये जातं आणि सगळे एकत्र जेवायला बसतात, एवढ्या एका बदलाने ताईला बराच फरक पडला असं ती सांगते.

तिने डाएट केली नाहीत असं कुणाला वाटत असेल तर सांगते, सगळी केली. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळा पंचावन्न मिनिटांत जेवायचंही केलं, कमी झालंही वजन. मग परत आलं, आणि लोक म्हणाले सोडलं असेल. पण वजन उतरलं की शरीर गप्प बसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या अभ्यासात दिसलं की वजन कमी केल्यानंतर वर्ष झालं तरी भुकेची हार्मोन्स पूर्ववत होत नाहीत, घ्रेलिन वाढलेलं, लेप्टिन उतरलेलं, भूक आधीपेक्षा जास्त. म्हणजे वजन उतरवलेली ताई आणि जन्मापासून बारीक असलेली मी काट्यावर सारख्या भरलो तरी तिची भूक माझ्यापेक्षा कितीतरी जास्त असणार.

मधुमेह असल्यामुळे तिच्या डॉक्टरांनी आता आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलंय, २०२५ मध्ये भारतात आलेल्या, साखरेबरोबर भूकही कमी करणाऱ्या औषधांपैकी. महाग आहे, सुरुवातीला मळमळलं, बद्धकोष्ठही झालं, आणि औषध थांबवलं की बऱ्याच जणांचं वजन परत येतं हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलंय, तेव्हा कुणी माझं वाचून मेडिकलमध्ये जाऊ नका. पण महिन्याभराने तिचा फोन आला, काय गं, म्हणाली, दुपारी कपाटात चिवडा होता आणि मला संध्याकाळपर्यंत आठवलाच नाही, तुझं रोज असंच असतं का? मी म्हटलं हो ताई, रोज. ती थोडा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, मग तुम्ही लोक मला कशाबद्दल बोलत होतात इतकी वर्षं? मला रडू आलं.

एक गोष्ट मात्र माझ्यासारख्या बारीक अंगाच्या वाचकांसाठी, कारण आमच्या बाबांनाही मधुमेह आहे आणि तरी मला आजपर्यंत कुणी साखर तपासायला सांगितली नव्हती, फक्त ताईला. बारीक दिसणाऱ्या आपल्या लोकांनाही मधुमेह होतो हे पुण्यात केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कितीतरी वर्षं दाखवून देतायत. २००४ मध्ये त्यांनी आपला स्वतःचा आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो आणि आकडे छापले, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली बाळंसुद्धा अशीच, पुण्याकडच्या गावांत सरासरी २.७ किलोची जन्मतात, इंग्लंडमधली ३.५ ची, पण वजनाच्या मानाने अंगात चरबी जास्त असते. मी गेल्या महिन्यात तपासून घेतलं तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, एचबीएवनसी म्हणतात ती, ६.१ टक्के आली, म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी. आपल्या लोकांसाठी कंबर बायकांची ८० सेंटीमीटर आणि पुरुषांची ९० च्या आत हवी, काटा काय म्हणतो ते सोडा, टेप घ्या आणि बेंबीच्या जरा वर मोजा. माझी ८३ भरली.