प्राणप्रतिष्ठा कशाची होते?

प्राणप्रतिष्ठा होते ती पूजेच्या मूर्तीची. पुतळ्याचं अनावरण होतं, गंडादोरा किंवा पाणी अभिमंत्रित करतात. बातम्यांत हे शब्द सर्रास एकमेकांत मिसळतात.

गणेश चतुर्थीला मूर्ती चौरंगावर ठेवणं ही नुसती मांडणी. मूर्तीच्या हृदयाला हात लावून ‘अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु’ म्हणतात, तेव्हा प्रतिष्ठा. गर्भाधानादी 15 संस्कारांसाठी 15 वेळा ओंकारही म्हणतात. घाईत नेमका हाच भाग गळतो. दूर्वेने डोळ्यांना तूप लावतात.

ही मूर्ती पार्थिव, म्हणजे मातीची, म्हणून उत्तरपूजेत अक्षता वाहून ती किंचित हलवतात आणि मग विसर्जन. देवघरातल्या प्रतिष्ठित मूर्तींना रोज नव्याने प्राणप्रतिष्ठा लागत नाही, नित्यपूजा पुरते.