मावशीच्या नावाची राखण

मावशी फराळाच्या आणि वाळवणाच्या पाकिटांवर जे स्टिकर लावते, त्यावर तिच्या वेबसाइटचा पत्ता छापलाय. नौपाड्यातल्या तिच्या घरी या स्टिकरचे चार रोल नुसते पडून होते, कारण फेब्रुवारीत तो पत्ताच बंद पडला. साइट करून देणाऱ्याने डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मुदत वाढवली नाही आणि फोनही उचलेना. "बारा वर्षांचं नाव असं जातं का रे?" मावशी एवढंच म्हणाली. मला ते फार लागलं.

डॉट कॉम नाव मुदत संपली की लगेच सुटत नाही. रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवून देणारी कंपनी, ते ४५ दिवसांपर्यंत धरून ठेवू शकते. मग ३० दिवस रिडेम्प्शन, म्हणजे सोडवणुकीची मुदत, त्यात जुना मालक जादा पैसे भरून सोडवू शकतो. शेवटी ५ दिवस पेंडिंग डिलीट, म्हणजे नाव पुसलं जाण्याआधीची वाट, आणि मग जो आधी पोचेल त्याचं. इतके दिवस रात्रंदिवस लक्ष कोण ठेवणार? म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कधीतरी आणलेला नोडएमसीयू, म्हणजे ईएसपी८२६६ ही वायफायची चिप असलेला, प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड, बाहेर काढला. नाव सुटलं का हे तोच इंटरनेटवर विचारत राहणार.

पहिली संध्याकाळ केबलने खाल्ली. ती नुसती चार्जिंगची निघाली, तिच्यातून डेटा जातच नव्हता. वायफायही २.४ गिगाहर्ट्‌झचं लागतं, ५ चं या बोर्डाला दिसत नाही.

चौकशी आरडॅपवर ठेवली, म्हणजे डोमेनची नोंद विचारायच्या ठरलेल्या पद्धतीवर. जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅनने, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, हूइज या जुन्या पद्धतीच्या जागी तेच अधिकृत केलंय. डॉट कॉमची नोंदवही व्हेरिसाइन या कंपनीकडे असते. त्यांच्या आरडॅप सर्व्हरला नाव विचारलं की नोंद असल्यास २०० हा कोड आणि सोबत नावाची स्थिती येते, नोंद नसल्यास ४०४. उठसूट विचारत राहिलं तर सर्व्हर अडवू शकतो, म्हणून सुरुवातीला सहा तासांतून एकदाच. काही बदललं की टेलिग्रामवर संदेश आणि बोर्डाला जोडलेला बझर.

एका शुक्रवारी ठाण्यात नेहमीसारखी वीज गेली आणि आली. बोर्ड लगेच उठला, पण राउटरला इंटरनेट मिळायला वेळ लागला. चौकशीचं उत्तर आलं उणे १, म्हणजे सर्व्हरशी जोडणीच झाली नाही, आणि मी कोडमध्ये "२०० नसेल तर मोकळं" असं लिहून ठेवलं होतं. बझर वाजला. मी धावत मावशीला फोन केला, तिने देवापुढे साखर ठेवली. अर्ध्या तासाने परत फोन करून सांगताना माझा आवाज फुटेना. त्याच रात्री अट बदलली: नेमकं ४०४ हवं, आणि तेही लागोपाठ दोनदा. बाकी काहीही आलं तर गप्प राहायचं आणि पुन्हा विचारायचं. ज्याला असं काही करायचंय, त्याने ही एक अट पहिल्याच दिवशी घालावी.

एप्रिलच्या शेवटी संदेश आला: पेंडिंग डिलीट. आता जुना मालक काही करू शकत नव्हता. मावशीच्या ईमेलने रजिस्ट्रारकडे खातं उघडून कार्ड जोडून ठेवलं, चौकशीचं अंतर पाच मिनिटांवर आणलं, शेवटच्या रात्री एका मिनिटावर.

पावणेबाराला बझर वाजला. दोनदा ४०४. नाव टाकलं, पैसे भरले, नोंदणीची पावती आली. हात थरथरत होते.

मावशी जागीच होती. "माझ्याच नावावर ना?" तिने विचारलं. हो म्हटल्यावर फोन तसाच चालू ठेवून ती उठली, आणि मला पलीकडे रोलचं प्लॅस्टिक फाडल्याचा आवाज आला.