चौदा सर्व्हर अझ्युअर आर्कला जोडले, पण फायरवॉलच्या फॉर्मपायी २१ दिवस गेले

अझ्युअर आर्क म्हणजे आपल्या जागेतले सर्व्हर मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरून एका जागी सांभाळायची सोय. त्यासाठी प्रत्येक सर्व्हरवर त्याचा एजंट, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, टाकावा लागतो. एका सर्व्हरवर तो टाकायला पाच-सात मिनिटं पुरतात. आमचे १४ सर्व्हर जोडून व्हायला २३ दिवस लागले, आणि त्यातले २१ एका फॉर्मपायी गेले. काम होऊन महिना झाला, तरी तो फॉर्म आठवला की अजून जीव जळतो. दुसऱ्या कोणाचे तरी एवढे दिवस वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे.

मी ठाण्यात राहते आणि रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळते. रबाळ्यात ११ आणि वागळे इस्टेटच्या ऑफिसात ३. काही विंडोज, काही उबुंटू. त्यातच एक जुना विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आहे. त्याच्यावर हजेरीचं सॉफ्टवेअर चालतं, त्यामुळे त्याला हात लावायला कोणी धजत नाही. महिन्याचा दुसरा मंगळवार झाला, मायक्रोसॉफ्टचे पॅच (दुरुस्तीचे अपडेट) आले, की माझं एकेका सर्व्हरवर रिमोटने शिरणं आणि एक्सेलमध्ये टिक करत बसणं सुरू. २०१२ आर२ चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपले. पैसे भरून मिळणारे वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत आणि आर्कमधून घेतले तर त्यांचं बिल महिन्याच्या महिन्याला येतं. हे समजल्यावर वरून लगेच होकार मिळाला.

अझ्युअरच्या वेबसाइटवरचं, म्हणजे पोर्टलवरचं काम एका दुपारीत उरकलं. सबस्क्रिप्शनमध्ये रिसोर्स प्रोव्हायडर रजिस्टर केले (म्हणजे लागणाऱ्या सेवा चालू केल्या), रिजन सेंट्रल इंडिया म्हणजे पुणे निवडला, सर्व्हिस प्रिन्सिपल (माणसाऐवजी स्क्रिप्टने लॉगिन करायचं खातं) बनवून त्याला फक्त ऑनबोर्डिंगचा रोल दिला आणि स्क्रिप्ट उतरवून घेतली.

आणि मग फायरवॉल आडवा आला.

आर्कला बाहेरून आत येणारा एकही पोर्ट लागत नाही. एजंट स्वतःच आतून बाहेर ४४३ वर, म्हणजे सुरक्षित वेबसाइट ज्या पोर्टवर चालतात त्यावर, बोलतो. मागणी एवढीच होती. पण फायरवॉल हेड ऑफिसच्या नेटवर्क टीमकडे, आणि त्यांच्या फॉर्ममध्ये 'डेस्टिनेशन आयपी' (समोरच्या मशीनचा आकडी पत्ता) हा रकाना लाल चांदणीचा, म्हणजे भरायलाच लागणारा. त्यात अक्षरं टाइपच होत नाहीत, फक्त आकडे आणि टिंबं. एजंट मात्र नावांशी बोलतो. लॉगिनचं नाव वेगळं, मॅनेजमेंटचं वेगळं, 'हिज डॉट आर्क डॉट अझ्युअर डॉट कॉम'च्या पोटात आणखी कितीतरी. त्या नावांमागचे आयपी बदलत राहतात.

मला ते माहीत होतं, तरी घाई नडली. प्रत्येक नावाचा त्या दिवशीचा आयपी काढला आणि फॉर्म भरून टाकला. आठव्या दिवशी मंजुरी आली, संध्याकाळपर्यंत सहा सर्व्हर पोर्टलवर 'कनेक्टेड' दिसायला लागले आणि मी खुशीत रबाळ्याहून ठाण्याची गाडी पकडली. दोन दिवसांनी सकाळी बघते तर सहापैकी चार 'डिस्कनेक्टेड'. एजंट दर ५ मिनिटांनी आपण जिवंत असल्याची खबर पाठवतो. आयपी बदलले आणि ती खबर जायची थांबली.

दुसऱ्या फॉर्ममध्ये शेरा म्हणून खाली नावं लिहिली. सहा दिवसांनी तो परत आला: "कृपया आयपी द्यावेत." मी फोन केला. पलीकडचे साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, पॉलिसीत नाव बसत नाही." मी म्हटलं, "सर, दहा मिनिटं माझी स्क्रीन बघाल का?" ते हो म्हणाले, पण ती वेळ मिळायला आणखी दोन दिवस गेले.

त्यांच्यासमोर एझेडसीएमएजंट चेक ही कमांड चालवली. एजंटला लागणाऱ्या नावांची एक यादी येते आणि प्रत्येकासमोर पोहोचता येतं की नाही ते ट्रू किंवा फॉल्स असं दिसतं. मधल्या ओळींत सलग पाच फॉल्स होते. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे आधी का नाही पाठवलंत?" फायरवॉलवर नावाने नियम करायची सोय पहिल्यापासून होती. रकाना नव्हता तो फक्त फॉर्मला! त्याच संध्याकाळी नियम झाला. म्हणून सांगते, ही कमांड सर्व्हर जोडायच्या आधीच चालवा आणि तिचा निकाल पहिल्याच अर्जाला जोडा.

तरी उबुंटूचे चार अडलेच. एरर होती 'सर्टिफिकेट साइन्ड बाय अननोन अथॉरिटी'. ओपनएसएसएल या साधनाने सर्टिफिकेट (समोरच्या साइटचं ओळखपत्र) उघडून पाहिलं तर इश्यूअरच्या ओळीत आमच्याच फायरवॉलचं नाव. म्हणजे फायरवॉल मध्ये बसून एसएसएल इन्स्पेक्शन (सांकेतिक संवाद उघडून तपासणं) करत होता आणि स्वतःचं सर्टिफिकेट पुढे सरकवत होता. विंडोजवर ते ग्रुप पॉलिसीने (सगळ्या विंडोज मशीनना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगने) आधीच विश्वासातलं होतं, उबुंटूला त्याची ओळख नव्हती. ही नावं इन्स्पेक्शनमधून वगळा, असा तिसरा अर्ज केला आणि आणखी तीन दिवस गेले. पहिल्या अर्जातच ही एक ओळ लिहिली असती तर ते तीन दिवस वाचले असते, याची मला अजून चुटपुट लागते.

हो, एक राहिलं. सर्व्हिस प्रिन्सिपलच्या सिक्रेटची, म्हणजे त्याच्या पासवर्डची, मुदत मी एका आठवड्याची ठेवली होती. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच, पण मंजुरीची वाट बघताना ती संपून गेली. लॉगिनला एएडीएसटीएस ७०००२२२ अशी एरर दिसली तर समजा की सिक्रेट संपलंय, नवीन काढा. फायरवॉल खुला झाल्यावरच सिक्रेट बनवलेलं बरं.

वागळे इस्टेटला प्रॉक्सी आहे, म्हणजे इंटरनेटकडे जाताना मध्ये लागणारा सर्व्हर. तिथे ब्राउझरमध्ये सगळं उघडत होतं आणि एजंट मात्र गप्प. ब्राउझरची सेटिंग लॉगिन केलेल्या माणसापुरती असते, एजंट सर्व्हिस म्हणून चालतो. त्याला प्रॉक्सीचा पत्ता एजंटच्या कॉन्फिगमध्ये वेगळा द्यावा लागतो. आणि एखादा सर्व्हर बंद करून ठेवणार असाल तर तारीख लिहून ठेवा. ४५ दिवस संपर्क तुटला की तो 'एक्स्पायर्ड' होऊ शकतो, मग तोडून परत जोडावा लागतो.

खर्चाचं म्हणाल तर सर्व्हर जोडणं आणि यादीत दिसणं फुकट आहे. अपडेट मॅनेजर (पॅच बघायचं आणि टाकायचं अझ्युअरचं साधन) वापरला तर सर्व्हरमागे महिन्याला ५ डॉलरपर्यंत लागतात, पण वाढीव अपडेट घेतलेल्या आमच्या २०१२ ला ते लागले नाहीत.

या महिन्यात दुसऱ्या मंगळवारनंतर मी एक्सेल उघडलीच नाही. एका पानावर १४ ओळी, कोणाचे किती पॅच बाकी ते समोर. दोन उबुंटूंवर कर्नलचे (सिस्टिमच्या गाभ्याचे) अपडेट कित्येक महिने रखडलेले निघाले. माझ्या एक्सेलमध्ये त्यांच्यापुढे टिक होती. ते बघून पोटात गोळा आला.

भिवंडीच्या गोदामातले दोन सर्व्हर अजून जोडायचे आहेत. त्यांचा फॉर्म परवा भरला. लाल चांदणीचा रकाना अजून तसाच आहे. या वेळी चेकचा निकाल, नावांची यादी आणि इन्स्पेक्शन वगळण्याची ओळ, तिन्ही सोबत जोडलंय आणि साहेबांना फोनही केलाय.